पंखा लावू का?

दुपारची वेळ होती आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मावशी पलंगाच्या कडेला बसून घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घेत होती, मी समोरच्या खुर्चीत. बटण माझ्या हाताशीच होतं, म्हणून मी पंखा लावायला उठले, तर तिने चटकन माझं मनगट धरलं. "थांब, विचारते," म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून जरा चढ्या आवाजात, "पंखा लावू का रे?" बाहेरच्या खोलीतून लगेच काही उत्तर आलं नाही. आम्ही दोघी तशाच. थोड्या वेळाने आवाज आला, "लाव. पण एकवर ठेव." मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. मोठं काही मनासारखं झाल्यावर माणूस हसतो, तशी हसली. म्हणाली, "लाव गं आता."

ते घर तिचं आहे. तिच्या पगारातून वर्षानुवर्षं कापल्या गेलेल्या हप्त्यांचं. त्या दिवशी कुणी तिच्यावर ओरडलं नाही, हात उगारला नाही, जेवण नाकारलं नाही. कुणाला सांगायचं म्हटलं तरी काय सांगणार? मुलाला विचारून आईने पंखा लावला, एवढंच. तरीही परत येताना रस्ताभर ते हसू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिला परवानगी मागावी लागली याचं वाईट वाटलंच, पण परवानगी मिळाल्याचा तिला आनंद झाला, हे फार लागलं.

ही माझ्या आईची मैत्रीण. सख्ख्या मावशीपेक्षा जवळची. आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत हिशेब तपासनीस होती. शाळेला सुट्टी असली की आई कधीकधी मला तिच्याकडे सोडून जायची, आणि तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून मी जे पाहिलं ते अजून लख्ख आठवतं. जाडजूड खतावण्या, टाचणीला लावलेल्या पावत्यांचा गठ्ठा, शाईचा आणि जुन्या कागदाचा मिसळलेला वास, आणि तिच्या हातातली लाल पेन्सिल. तिच्याहून मोठ्या हुद्द्याची माणसं त्या टेबलासमोर उभी असायची. ती मान वर न करता विचारायची, "ही पावती कुठंय?" आणि ते खिसे चाचपायला लागायचे. आवाजात कधी उर्मटपणा नसे. पावती नसेल तर रक्कम मंजूर होणार नाही, हे साधं सत्य सांगणारा तो आवाज होता. मला त्या वयात वाटायचं, जगात सगळं काही जागच्या जागी आहे ते या बाईमुळे.

ती बाई कुठे गेली?

मी मागचं आठवत गेले, तर एक अमुक दिवस असा सापडेना. आधी बँकेचं काम मोबाइलवर आलं तेव्हा मुलगा म्हणाला, तुला जमायचं नाही, मी बघतो. ते सोयीचंच होतं. मग पासबुक त्याच्या कपाटात गेलं. मग डॉक्टरांकडे गेल्यावर डॉक्टर तिला विचारत आणि उत्तर तो देई. काही दिवसांनी डॉक्टरही त्यालाच विचारू लागले. पाहुण्यांसमोर तिच्या विसरण्याच्या गमती सांगितल्या जाऊ लागल्या, आणि तीही त्यात हसायची. मग पाहुणे आले की तिचं ताट आतच जाऊ लागलं, "तिला बसवत नाही फार वेळ" म्हणून. ती खोलीत आली की चालू बोलणं थांबायचं. एखादी गोष्ट दोनदा विचारली की समोरून एक सुस्कारा यायचा, आणि त्या सुस्काऱ्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही, कारण सुस्कारा हा काही शब्द नव्हे. यातली कुठलीही एक गोष्ट वेगळी काढून दाखवली तर तिचं स्पष्टीकरण तयार आहे. कामाचा ताण, चिडचिड, काळजीपोटी. सगळ्या एकत्र ठेवल्या की एक माणूस स्वतःच्याच घरात आश्रित झालेलं दिसतं.

म्हाताऱ्या माणसांचा घरात छळ होतो, हे जगाने मान्य करायलाही फार वेळ घेतला. घरात मार खाणाऱ्या मुलांबद्दल डॉक्टरांचा गाजलेला लेख 1962 सालचा. म्हाताऱ्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दल ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांत डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली ती 1975 मध्ये. 2017 साली 28 देशांतले 52 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साठीपुढच्या दर सहा माणसांमागे साधारण एकाला मागच्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची वाईट वागणूक मिळालेली आढळली. त्यातही सर्वांत जास्त प्रमाण मानसिक छळाचं, 11.6 टक्के. मग पैशांची लुबाडणूक 6.8 टक्के, हेळसांड 4.2 टक्के, आणि मारहाण त्याच्याही खाली, 2.6 टक्के. आपण मात्र वळ शोधतो. वळ दिसला नाही की आपल्याला हायसं वाटतं आणि आपण चहा पिऊन उठतो.

मी एकदा मावशीला सरळ विचारलं. तो घरात नव्हता. "तुला इथे त्रास होतो का गं?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तो स्वभावाने वाईट नाही गं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मीच हल्ली फार विचारते. कुणीही वैतागेल." आणि त्यानंतर बराच वेळ ती त्याच्या लहानपणाबद्दल बोलत राहिली. तापात रात्र रात्र तिचा हात धरून झोपायचा ते, पहिल्या पगारातून तिला घड्याळ आणलं ते. मला आधी राग आला. एवढी हुशार बाई डोळ्यांसमोरचं का बघत नाही? पुढे कळत गेलं की ती सगळं बघते. उलट, बाकी कुणालाही दिसत नाही ते ती बघते, आणि म्हणूनच ती त्याला झाकते.

मुलगा वाईट वागतो असं म्हणायचं, तर त्याला वाढवलं कुणी? हा प्रश्न लोक विचारोत न विचारोत, आई-बाप स्वतःला विचारतातच. नोकरी संपली, जोडीदार गेला, हातापायांतली ताकद गेली. आयुष्यभराच्या कष्टाचं काय उरलं, याचं उत्तर त्यांच्याजवळ एकच असतं: माझी मुलं. ते उत्तरच चुकलं असं कबूल करायचं म्हणजे मागचं सगळं आयुष्य खोडून टाकायचं. त्यापेक्षा आजचा अपमान गिळणं परवडतं. म्हणून ती दोष स्वतःकडे घेतात. "मीच फार विचारते" या वाक्यात तिचा पराभव आहे, पण मुलाची इभ्रत, आणि आपण एक चांगली आई होतो ही समजूत, दोन्ही त्यात सुरक्षित राहतात. स्वाभिमानाचा एक तुकडा वाचवायला ती दुसरा तुकडा देऊन टाकते. बाहेरच्याला वाटतं, हिला स्वाभिमानच उरलेला नाही.

लॉरा कार्स्टेनसेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं मांडलेली एक गोष्ट मला इथे पटते. पुढे फार काळ उरलेला नाही असं जाणवायला लागलं की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आपणहून कमी करतो आणि अगदी जवळच्या मोजक्या माणसांत मन गुंतवतो. ही काही कमजोरी नव्हे; बहुतेकांना त्यातून सुख मिळतं. पण मग त्या मोजक्या माणसांपैकीच कुणी दुखावत असेल तर? तरुणपणी घरी बोलणी खाल्ली तर कचेरीत मान असे, मैत्रिणी असत, बसमध्ये रोज भेटणारी कुणी असे. आता आपण कोण आहोत हे सांगणारं माणूस एकच, आणि ते सुस्कारा टाकतं.

तिच्या मुलाबद्दल लिहिणं मला जड जातं. तो माझ्या बरोबरीचा. आम्ही एकत्र खेळलोय. त्याचं काम मध्येच सुटलं, दुसरं नीट लागलं नाही, संसार मोडला, आणि तो आईच्या घरी परत आला. तिच्या निवृत्तिवेतनावर घर चालतं. ज्येष्ठांच्या छळाबद्दल बोलताना लोक नेहमी एक चित्र उभं करतात: आजारी, परावलंबी म्हातारं माणूस आणि त्याचं करून करून थकलेली मुलं. तसंही असतं, आणि त्या थकव्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कार्ल पिलेमर आणि डेव्हिड फिंकेलहॉर यांनी बॉस्टनमध्ये दोन हजारांहून जास्त ज्येष्ठांशी बोलून केलेली पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा छळ करणाऱ्यांत मुलांपेक्षा जोडीदारांची संख्या जास्त निघाली. आणि पुढच्याच वर्षी त्याच पाहणीच्या आधारे त्यांनी दाखवलं की छळ होतो की नाही हे म्हाताऱ्या माणसाच्या परावलंबनावरून तितकं ठरत नाही, जितकं छळ करणाऱ्याच्या स्वतःच्या अडचणींवरून आणि त्याच्या परावलंबनावरून ठरतं. हे वाचलं आणि मला पंखा आठवला. विजेचं बिल तिच्या पैशातून जातं. त्या घरात त्याच्या हुकमात असलेली गोष्ट बहुधा तो एक आकडा होता, एकवर की तीनवर. ज्याच्या हातात काही उरलं नाही तो आपल्याहून दुबळ्या माणसावर सत्ता गाजवतो, हे मला कळतं. त्याची कीवही येते. पण ती कीव मी मावशीच्या वाट्यातून काढून त्याला देणार नाही.

आत्मसन्मान मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 साली केलेली एक प्रश्नावली आजही जगभर वापरतात. दहाच वाक्यं आहेत तिच्यात. मूळ शाळकरी, किशोरवयीन मुलांसाठी केलेली. मी ती एका रात्री मावशीच्या नजरेने वाचली. आपण निदान इतरांच्या बरोबरीने मोलाचे आहोत असं वाटतं का? आपल्याजवळ अभिमान वाटावा असं फारसं काही नाही असं वाटतं का? कधीकधी आपण अगदी निरुपयोगी आहोत असं वाटतं का? पंधरा वर्षांच्या मुलीने यातल्या शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं तर शाळा धावेल, घर धावेल, कुणी समुपदेशक शोधेल. पंच्याहत्तरीच्या बाईने हो म्हटलं तर आपण म्हणतो, वयच झालं आता.

वय झालं म्हणून असं होतं, हे खरं नाही. आत्मसन्मान आयुष्यभर कसा बदलतो यावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून 2018 साली जे चित्र मांडलं गेलं, त्यात तो तरुणपणापासून वाढत जातो, साठीच्या आसपास सर्वांत उंच असतो आणि सत्तरीपर्यंत जवळपास तसाच टिकतो. पुढे उतरतो तोही आधी अगदी हळू. खरा उतार नव्वदीनंतरचा. म्हणजे सत्तरीतलं माणूस दबून बोलायला लागलं, चोरासारखं वावरायला लागलं, दर वाक्याआधी समोरच्याचा चेहरा बघायला लागलं, तर ते वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. आजार असेल, दुःख असेल, किंवा कुणीतरी त्याला तसं केलं असेल. विचारायला हवं.

नातेवाइकांपैकी विचारणारे दोन तऱ्हेचे. बहुतेक म्हणतात, "जुळवून घे, आता किती दिवस राहिले?" हे वाक्य मला क्रूर वाटतं. थोडे दिवस राहिले म्हणून ते कसेही गेले तरी चालतील? दुसरे तावातावाने येतात, मुलाला दम देतात, पोलिसांत जाऊ म्हणतात, आणि निघून जातात. मावशीच्या एका भाचीने असंच केलं. भाचीचा हेतू चांगला होता. पण ती गेल्यानंतरच्या रात्री त्या घरात जे काय झालं असेल ते मावशीने एकटीने झेललं, आणि त्यानंतर तिने भाचीचा फोन उचलणं बंद केलं. तुला मदत करते, पण आधी तुझा मुलगा गुन्हेगार आहे असं म्हण, ही अट घालणाऱ्याला ती घरात घेणारच नाही.

इथे एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायची आहे. मारहाण होत असेल, औषध-जेवण तोडलं जात असेल, धाक दाखवून सह्या घेतल्या जात असतील, तर हळुवारपणाला वेळ नाही. अमेरिकेत न्यू हेवनमधल्या 2,812 ज्येष्ठांचा तेरा वर्षं माग ठेवला गेला. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अखेरीला ज्यांना वाईट वागणूक मिळाल्याचं आढळलं होतं त्यांच्यापैकी 9 टक्के जिवंत होते, आणि ज्यांच्याबाबत तशी कुठलीच नोंद नव्हती त्यांच्यापैकी 40 टक्के. इतर आजार, उत्पन्न वगैरेंचा हिशेब धरूनही फरक उरलाच. म्हणून मी मावशीला एकटीला गाठून विचारलं होतं, तो अंगावर येतो का, रात्री भीती वाटते का, औषधं वेळेवर मिळतात का. तिने नाही म्हटलं, आणि तेवढ्यापुरता माझा विश्वास बसला. तरी मी अधूनमधून पुन्हा विचारते.

आणि ज्यांनी स्वतः आयुष्यभर घरच्यांना छळलं, त्यांचं काय? हा प्रश्न मला सुटलेला नाही. माझ्या परिचयात एक आजोबा होते. उमेदीच्या काळात बायको-मुलांना धाकात ठेवलेले, पट्ट्याने मारणारे. म्हातारपणी ते पडून होते आणि मुलगी त्यांचं सगळं करायची, पण एक शब्दही न बोलता. खोलीत यायची, अंग पुसायची, चादर बदलायची, जायची. ते डोळ्यांनी तिच्या मागे मागे जायचे. हेळसांड म्हणावी अशी एकही गोष्ट तिथे नव्हती, तरी त्या खोलीत मला श्वास घेणं कठीण व्हायचं. मुलीने एकदा मला सांगितलं, "मी बोलले तर काय बोलेन याची मला भीती वाटते." तिच्याकडून मायेची अपेक्षा करायचा हक्क कुणालाच नव्हता, त्यांना तर नव्हताच. स्वच्छ अंथरुणाचा मात्र होता, आणि तो तिने पाळला. मला ती मुलगी फार मोठी वाटते. आणि तरी ते डोळेही विसरता येत नाहीत.

मावशीसाठी काय करावं हे सुचत नव्हतं तेव्हा एक जुना प्रयोग वाचनात आला. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेला. एका वृद्धनिवासात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं रोजचं तुम्ही ठरवा. हे रोपटं घ्या, याची निगा तुमच्याकडे. सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही सांगा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार, सिनेमाचा दिवस संस्था ठरवणार. प्रेमाने, काळजीने. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त खुशीत दिसली. मायेने सगळं आपणच करून टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनीही हे वाचायला हवं, असं मला वाटलं.

आमच्या वाचनालयाचे वर्षाचे हिशेब जुळत नव्हते. मी ते सगळं बाड मावशीकडे नेलं आणि म्हटलं, आम्हाला कुणाला हे कळत नाहीये, तू बघशील का? हे दया म्हणून नव्हतं. खरंच कुणाला कळत नव्हतं. तिने आधी नको म्हटलं. डोळे चालत नाहीत, डोकं चालत नाही. मग चष्मा मागितला. मग पेन्सिल. दोन-तीन खेपांनी तिने मला फोन केला, "पुस्तक बांधणीची एकच पावती दोनदा चढवली आहे तुमच्या खजिनदारांनी. आणि दिवाबत्तीच्या खर्चाला पावतीच नाही. कुठंय ती?" मला उत्तर देता आलं नाही. तिने मला चांगलंच फैलावर घेतलं, सार्वजनिक पैसा म्हणजे काय ते सुनावलं. तिचं ओरडणं संपूच नये असं मला वाटत होतं.

यानं तिचं घर बदललं असं मी म्हणणार नाही. मुलगा कागदांचा पसारा बघून कुरकुरला, एकदा ते उचलून माळ्यावर ठेवून दिले. तिने ते शेजारच्या मुलाकडून खाली काढून घेतले. ताट अजून आतच येतं. बऱ्याच दिवशी ती फोनवर पुन्हा त्याच बारीक आवाजात बोलते, आणि मला वाटतं, सगळं जिथल्या तिथे आहे.

परवा तिने मुलाकडे पासबुक मागितलं. तो म्हणाला, कशाला हवंय? ती म्हणाली, माझं आहे म्हणून. तो ताडकन उठून गेला, रात्री जेवायलाही आला नाही, आणि मला हे सांगताना तिचा आवाज कापत होता. मी विचारलं, येऊ का? "आत्ता नको," म्हणाली. "सोमवारी ये. बँकेत जाऊन दुसरं मागून घेते. तू सोबत फक्त. बोलेन मी."